भाजी मुरते म्हणजे काय होते?



वसई तालुक्यात नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, अगदी समुद्राला लागून, राजोडी नावाचे गाव आहे. किनाऱ्यावर सुरूची झाडे आणि त्यांच्या मागे वाड्या. वाड्यांतून केळी, नारळ, फुलझाडे आणि हंगामाप्रमाणे भाजीपाला. हिवाळ्यात मुळा तयार होतो, आणि एकदम तयार होतो. बाजारात भाव उतरला की चार जुड्या आमच्याच ओसरीवर येऊन पडतात. घरातली माणसे मुळ्याची भाजी, मुळ्याची कोशिंबीर किती दिवस खाणार? मग सासूबाई फळीवरची चिनी मातीची बरणी खाली काढतात. मुळ्याच्या आणि गाजराच्या फोडी, दोनचार हिरव्या मिरच्या, मीठ आणि पाणी. तेल नाही, मोहरी नाही, व्हिनेगरही नाही. बरणीच्या तोंडाला कापडाचा दादरा बांधायचा आणि पाचसहा दिवस कोपऱ्यात ठेवून द्यायची. फोडी आंबट होतात, पण करकरीत राहतात. कोकणात कैऱ्या, आवळे, करवंदे, फणसाचे गरे असेच मिठाच्या पाण्यात घालून ठेवतात. आमच्याकडे मुळा घालतात, एवढेच.

गेल्या हिवाळ्यात मात्र लागोपाठ दोन बरण्या बिघडल्या. फोडी बुळबुळीत झाल्या आणि दादरा सोडताच असा वास आला की बरणी तशीच परसात न्यावी लागली. सासूबाईंना त्याचे फार वाईट वाटले. चाळीस वर्षांत असे कधी झाले नव्हते. त्या मला म्हणाल्या, "तू कॉलेजात मुलांना वजनमापं शिकवतेस ना? मग माझं काय चुकलं ते शोधून काढ की!"

प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते आज तुम्हांला सांगते.

जिभेचे माप

प्रथम मी विचारले, "आई, तुम्ही मीठ किती घालता?"

त्या म्हणाल्या, "वरणापेक्षा खारट आणि दर्याच्या पाण्यापेक्षा अळणी. दुसऱ्या दिवशी खार चाखून बघायचा."

हसू नका! हे माप वाटते तेवढे कच्चे नाही. आपल्या वरणात साधारण १ टक्का मीठ असते, म्हणजे १०० ग्रॅम वरणात सुमारे १ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण सुमारे ३.५ टक्के असते. म्हणजे सासूबाईंचा खार १ आणि ३.५ यांच्या मध्ये, अदमासे २ ते ३ टक्क्यांवर बसतो. युरोपात कोबी आंबवून 'सावरक्राउट' करतात, त्यात कोबीच्या वजनाच्या २ ते २.५ टक्के मीठ घालण्याचा प्रघात आहे. राजोडीची जीभ आणि जर्मनीचा तराजू एकाच आकड्याजवळ आले, हे लक्षात ठेवा.

'दुसऱ्या दिवशी' या शब्दांतही अर्थ आहे. समजा, ५०० ग्रॅम पाण्यात ३० ग्रॅम मीठ घातले. त्या वेळी पाण्यात मिठाचे प्रमाण ६ टक्क्यांच्या जवळपास असते. पण बरणीत ५०० ग्रॅम फोडीही आहेत, आणि मुळ्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. हळूहळू फोडींतले पाणी बाहेर येते, मीठ आत जाते, आणि सगळीकडे प्रमाण सारखे होत ३ टक्क्यांजवळ येते. लगेच चाखले तर खार उगाच खारट वाटेल आणि तुम्ही मीठ कमी कराल. म्हणून थांबायचे.

मग चूक झाली कुठे? आणखी दोन प्रश्न विचारल्यावर उलगडा झाला. वर्षभरापूर्वी सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले. त्यांनी जेवणातले मीठ कमी केले आणि बरणीतलेही निम्म्यावर आणले. शिवाय दुसरी एक गोष्ट नकळत घडली. कित्येक महिने अळणी खाल्ल्यावर जिभेची सवय बदलते आणि थोडे मीठही पुष्कळ वाटू लागते. तुम्ही प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर वापरता, तेव्हा आधी शून्य त्रुटी पाहता ना? सासूबाईंच्या उपकरणाचे शून्य सरकले होते. वरण अळणी झाले होते, म्हणून 'वरणापेक्षा खारट' हे मापही खाली घसरले होते.

आता खरा प्रश्न पुढे आला. रक्तदाब असलेल्या माणसाने हा पदार्थ सोडूनच द्यायचा, की सुरक्षित राहील असे कमीतकमी मीठ किती हे शोधता येईल? त्यासाठी मीठ बरणीत नेमके काय करते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

मीठ जंतू मारते का?

मुळ्याच्या चार चकत्या ताटलीत घ्या, त्यांवर चिमूटभर मीठ भुरभुरा आणि पंधरा मिनिटांनी पाहा. ताटलीत पाणी सुटलेले दिसेल. चकत्या लवचीक झालेल्या असतील. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते. त्यातून पाणी सहज जाते, मीठ सहजासहजी जात नाही. बाहेर मीठ अधिक, म्हणून पाणी आतून बाहेर येते. यालाच परासरण म्हणतात. या पाण्याबरोबर भाजीतली थोडी साखर आणि इतर पोषक द्रव्येही बाहेर येतात.

भाजीच्या सालीवर नाना प्रकारचे सूक्ष्मजीव असतात. कितीही धुतली तरी ते सगळे जात नाहीत. त्यांत कुजवणारे जीवाणू असतात, यीस्ट असते, बुरशीचे बीजाणू असतात आणि थोड्या संख्येने लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणूही असतात. या सर्वांना आता गोड रसाची मेजवानी मिळते. इथे मीठ आपले काम करते. २ ते ३ टक्के मिठाने हे जीव सरसकट मरत नाहीत. पण कुजवणाऱ्या पुष्कळ जीवाणूंची वाढ मंदावते, तर लॅक्टिक आम्लाच्या जीवाणूंना तेवढ्या मिठाचे फारसे काही वाटत नाही. शिवाय भाजी पाण्याखाली असल्यामुळे हवा मिळत नाही. हवेवाचून बुरशी वाढत नाही, लॅक्टिक आम्लाच्या जीवाणूंचे मात्र हवेवाचून अडत नाही. म्हणजे शर्यतीत मीठ त्यांना थोडी आघाडी मिळवून देते.

पुढची कामगिरी ते स्वतःच करतात. आधी बहुधा 'ल्यूकोनोस्टॉक' जातीचे जीवाणू वाढतात. ते साखरेपासून लॅक्टिक आम्ल, थोडे अल्कोहोल किंवा अॅसेटिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार करतात. बरणीत बुडबुडे दिसतात ते याच काळात. आम्ल वाढले की ल्यूकोनोस्टॉक मागे पडतात आणि अधिक आम्ल सहन करणारे 'लॅक्टोबॅसिलस' गटातले जीवाणू पुढे येतात. ते ग्लुकोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू करतात. दह्यातला आंबटपणाही लॅक्टिक आम्लाचाच. मात्र दह्याला विरजण लावावे लागते. भाजीचे विरजण भाजीबरोबरच येते.

हे आम्ल स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शीले याने १७८० साली आंबलेल्या दुधातून वेगळे केले होते. पण ते सजीवांच्या क्रियेमुळे तयार होते, हे फ्रान्समधील लील या गावी काम करत असताना लुई पाश्चरने १८५७ साली मांडले. त्याआधी कितीतरी पिढ्यांनी भाज्या आंबवल्या होत्या. कॅप्टन कुकने १७६८ साली 'एन्डेव्हर' जहाजातून प्रवास सुरू केला, तेव्हा सावरक्राउटची पिंपे बरोबर घेतली होती. स्कर्व्ही टाळण्यासाठी खलाशांनी ते खावे, अशी त्याची इच्छा होती, पण खलाशी तयार होईनात. कुकने ते आधी रोज अधिकाऱ्यांच्या पानात वाढायला लावले. मग खलाशांनाही ते हवेसे झाले!

आम्ल मोजू या

आम्लता मोजण्यासाठी आपण सामू वापरतो. हे माप सोरेनसन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ साली सुरू केले. शुद्ध पाण्याचा सामू ७. आम्लता वाढते तसा आकडा उतरतो. सामू एकाने उतरला, म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहा पट झाले. ताज्या मुळ्याचा सामू ६ च्या आसपास असतो आणि चांगल्या मुरलेल्या बरणीत तो ३.५ पर्यंत येतो. अडीच अंकांचा हा फरक म्हणजे सुमारे ३०० पट वाढ!

४.६ हा आकडा पाठ करून ठेवा. 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' नावाचा जीवाणू अत्यंत जहाल विष तयार करतो. हवा नसलेली जागा त्याला मानवते आणि आपल्या बरणीत हवा नसते. पण सामू ४.६ च्या खाली असेल तर तो वाढू शकत नाही. म्हणून मुरलेल्या भाजीचा सामू ४ किंवा त्याहूनही कमी असावा. आता तुमच्या लक्षात येईल की भाजी टिकवते ते मुख्यतः आम्ल. मीठ फक्त आम्ल तयार होईपर्यंतचे दिवस सांभाळते. सासूबाईंच्या दोन बरण्यांत ते दिवसच सांभाळले गेले नाहीत.

तीन बरण्यांचा प्रयोग

हा प्रयोग शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली करा. काचेच्या सारख्या आकाराच्या तीन बरण्या घ्या. त्या गरम पाण्याने धुऊन कोरड्या करा. मुळा आणि गाजर स्वच्छ धुऊन बोटाएवढ्या फोडी करा. प्रत्येक बरणीत २०० ग्रॅम फोडी आणि उकळून गार केलेले २०० ग्रॅम पाणी घाला. एकूण वजन ४०० ग्रॅम झाले. आता मीठ असे घाला :

पहिली बरणी : ४ ग्रॅम (१ टक्का)
दुसरी बरणी : १० ग्रॅम (२.५ टक्के)
तिसरी बरणी : ४८ ग्रॅम (१२ टक्के)

मीठ वजनानेच घ्या. एक लहान चमचा बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम भरते. खडे मिठाचा तोच चमचा हलका भरतो, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. घरी तराजू नसेल तर शाळेतला वापरा किंवा वाण्याकडून पुड्या बांधून आणा. राजोडीची मुले मला हटकून विचारतात, "मॅडम, दर्याचंच पाणी घेतलं तर?" घेऊ नका. किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळते. शिवाय आमच्या उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला उल्हास नदीची खाडी. पावसाळ्यात त्यांचे गोडे पाणी मिसळून किनाऱ्याजवळचा खारटपणा कमी होतो. जे माप ऋतूप्रमाणे बदलते ते माप कसले?

तिसऱ्या बरणीइतक्या खाऱ्या पाण्याची एक गंमत आहे. वेगळ्या भांड्यात १२ टक्के मिठाचे पाणी करून त्यात ताजे कच्चे अंडे सोडा. ते तरंगेल. या पाण्याची घनता दर मिलिलिटरला सुमारे १.०९ ग्रॅम असते आणि ताज्या अंड्याची त्याहून किंचित कमी. २.५ टक्क्यांच्या पाण्याची घनता १.०२ च्या आसपास, म्हणून तेच अंडे त्यात बुडते.

फोडी पाण्याखाली राहिल्या पाहिजेत. त्यांना बुडबुडे चिकटले की त्या वर येतात. आर्किमिडीजचे तत्त्व इथेही चुकत नाही. म्हणून त्यांवर काचेची लहान वाटी ठेवून दाबा. तोंडाला स्वच्छ कापडाचा दादरा बांधा आणि बरण्या सावलीत ठेवा. रोज एकाच वेळी निरीक्षण करा : बुडबुडे, रंग, गढूळपणा, वास. स्वच्छ चमच्याने खाराचा एक थेंब काढून सामू-कागदावर टाका. कागद नसेल तर लाल जास्वंदीच्या पाकळ्या गाळण-कागदावर चोळून वाळवा. आम्लाने तो कागद गुलाबी-लाल होतो. त्यावरून नेमका आकडा मात्र कळत नाही.

आमच्या ओट्यावर काय दिसले ते सांगते. दुसऱ्या बरणीत दुसऱ्याच दिवशी बुडबुडे आले, तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झाले आणि सहाव्या दिवशी सामू-कागदाने ४ च्या खालचा रंग दाखवला. वास दह्यासारखा स्वच्छ आंबट होता. पहिल्या बरणीतही बुडबुडे आले, आम्लही झाले, पण फोडी मऊ पडल्या आणि वास बिघडला. ती आम्ही न चाखता टाकून दिली. तिसरी बरणी आठवड्यानंतरही जवळपास जशीच्या तशी होती. पाणी स्वच्छ, आंबटपणा नाही, फोडी सुरकुतलेल्या आणि कडक खारट. तिथे एवढे मीठ होते की लॅक्टिक आम्लाच्या जीवाणूंचेही काम रेंगाळले.

आपण तिन्ही बरण्यांना 'मुरत ठेवली' असेच म्हणतो. पण तिसरीत मुख्यतः मिठाची आणि पाण्याची अदलाबदल झाली आणि मिठानेच भाजी टिकवली. दुसरीत सजीवांनी साखरेचे आम्ल केले आणि आम्लाने भाजी टिकवली. शब्द एक, क्रिया दोन. घरच्या लोणच्याची बरणी पाहाल तेव्हा त्यात कोणते मुरणे चालले आहे, याचा विचार करा.

माझी फजिती

इथे माझी एक चूक कबूल करते. पुढच्या बरणीला मी दादऱ्याऐवजी फिरकीचे झाकण लावले आणि घट्ट पिळले. मुंग्या येऊ नयेत, एवढाच हेतू. चौथ्या दिवशी झाकण सैल करताच फस्स आवाज झाला आणि खार थेट छतापर्यंत उडाला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त ओटा पुसायचे फडके माझ्या हातात दिले.

मग मी कागद घेऊन बसले. ५ ग्रॅम साखर ल्यूकोनोस्टॉकच्या पद्धतीने आंबली असे माना. ग्लुकोजच्या १८० ग्रॅममागे एक मोल, म्हणजे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. ३० अंश सेल्सिअसला त्याचे आकारमान सुमारे २५ लिटर. त्या हिशेबाने ५ ग्रॅमपासून सुमारे ७०० मिलिलिटर वायू होतो. एक लिटरच्या बरणीत वर जेमतेम १०० मिलिलिटर जागा. बराचसा वायू पाण्यात विरघळतो, तरी सगळा हिशेब केला असता बरणीतला दाब बाहेरच्यापेक्षा जवळपास एका वातावरणाने वाढतो. झाकणाचा व्यास ७ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर. त्यावर आतून पडणारा रेटा सुमारे ४० किलोग्रॅम वजनाएवढा! सोड्याच्या बाटलीसारखेच हे. फरक इतकाच की सोड्याची बाटली दाब सहन करण्यासाठीच बनवलेली असते, आपली काचेची बरणी नाही. ती फुटूही शकते. म्हणून बुडबुडे येत असेपर्यंत झाकण घट्ट लावायचे नाही.

कोणती बरणी टाकायची?

पाणी गढूळ झाले म्हणून घाबरू नका. तो गढूळपणा जीवाणूंचा असतो. आयोडीनयुक्त मिठातल्या इतर द्रव्यांमुळेही पाणी थोडे गढुळते. वर पातळ, सपाट, पांढरी साय आली तर ते बहुधा यीस्ट असते. ती काढून टाकावी आणि फोडी पाण्याखाली दाबाव्यात. पण लोकरीसारखी हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी, बुळबुळीत फोडी किंवा कुजका वास यांपैकी काहीही दिसले तर बरणी टाकून द्या. 'जरा चाखून पाहू' असे करू नका. तसेच आठवडा उलटूनही सामू ४.६ च्या वर असेल तर वास चांगला असला तरी ती भाजी खाऊ नका. मुरलेली भाजी फ्रिजमध्ये ठेवली की जीवाणूंचे काम मंदावते आणि ती काही आठवडे चांगली राहते.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. अडीच टक्क्यांच्या बरणीतल्या ३० ग्रॅम फोडींत पाऊण ग्रॅम मीठ असते. बारा टक्क्यांच्या बरणीतल्या तेवढ्याच फोडींत साडेतीन ग्रॅमहून अधिक. आम्ही हे आकडे डॉक्टरांना दाखवले. त्यांनी दिवसाला दोनतीन लहान फोडींना परवानगी दिली, पण त्या दिवशी जेवणातले तेवढे मीठ कमी करण्याच्या अटीवर. तुमच्या घरी कोणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर तुम्हीही आधी डॉक्टरांना विचारा. मीठ बरणीतून कमी करायचे नाही, पानातून कमी करायचे. सासूबाईंना हे पटले.

आमच्या फडताळाच्या दाराला आतून आता एक कागद चिकटवला आहे : 'अर्धा किलो फोडी, अर्धा किलो पाणी, २५ ग्रॅम मीठ.' नवी बरणी सातव्या दिवशी उघडली. सामू-कागद ठीक होता, फोडी करकरीत होत्या. सासूबाईंनी एक फोड दाताखाली धरली, थोडा वेळ चावली आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे. पण अजून एक दिवस हवा होता."

तो एक दिवस कशावर अवलंबून असेल? तापमानावर, की फोडींच्या जाडीवर, की भाजीतल्या साखरेवर? दोन बरण्या घ्या, एकच गोष्ट बदला, बाकी सर्व सारखे ठेवा आणि रोजचे आकडे वहीत लिहा. उत्तर तुमच्या वहीत सापडेल.